धायरीतलं तीन गुंठ्यांचं घर आणि चार वायरलेस कॅमेरे: एक प्रकरण अभ्यास

जागा पुण्यातल्या धायरीतली. प्लॉट तीन गुंठ्यांचा, साधारण १२ मीटर रुंद आणि २५ मीटर खोल. पुढे लोखंडी गेट, गेटपासून ६ मीटर आत बैठं स्लॅबचं घर, घराची खोली १० मीटर. मागे उरलेल्या ९ मीटरच्या परसात पत्र्याची शेड. शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि पितळी चुऱ्याची पोती. बोअरवेलचा स्टार्टर शेडच्या बाहेरच्या अंगाला. घरात साठीतलं जोडपं, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूत. महिन्यातून दोनदा दोघं गावी जातात तेव्हा घर तीन-तीन दिवस बंद असतं. अशाच एका फेरीत बोअरच्या मोटरची केबल कुणीतरी कापून नेली आणि कॅमेऱ्यांचा विषय निघाला. खर्चाची मर्यादा ३० हजार रुपये.

पहिला प्रस्ताव आला तो असा: "काका, सोलरवाले चार घ्या. एक वायर ओढायची नाही, भिंत फोडायची नाही." ऐकायला हे सोपं वाटतं. पण या जागेसाठी तो प्रस्ताव नाकारणंच योग्य होतं, आणि का ते नीट समजून घ्यायला हवं, कारण वायरलेस कॅमेऱ्यांच्या खरेदीत सगळ्यात जास्त फसगत याच शब्दावर होते.

वायरलेस म्हणजे चित्र वायरशिवाय जातं. वीज लागतेच. ती ॲडॉप्टरने द्यायची की बॅटरीने, हा वेगळा प्रश्न. सोलरवाला कॅमेराही बॅटरीवरच चालतो, पॅनल फक्त ती बॅटरी भरतं. बॅटरीवरचा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. समोर अंगाची ऊब हलली की त्याचा पीआयआर सेन्सर त्याला उठवतो, आणि उठून रेकॉर्डिंग सुरू व्हायला एक-दोन सेकंद जाऊ शकतात. सहज चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर जातो, म्हणजे तेवढ्यात तो जवळजवळ तीन मीटर पुढे सरकलेला असतो. गेटसमोरून आडवा जाणाऱ्याची फक्त पाठ मिळते. पीआयआर ओळखतो तो अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक. एप्रिल-मेच्या दुपारी भिंतच अंगाइतकी तापलेली असते, त्यामुळे सेन्सर मंदावतो. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ आठ-आठ दिवस दाटलेलं राहतं आणि नेमकं तेव्हाच सोलर पॅनल पुरेसं भरत नाही. शिवाय बॅटरीवरच्या बहुतेक मॉडेलांमधून आरटीएसपी (चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला देण्याची पद्धत) मिळत नाही, म्हणजे ते वेगळ्या रेकॉर्डरला जोडता येत नाहीत. वीजच नसलेल्या मोकळ्या प्लॉटवर किंवा शेतातल्या पंपाजवळ बॅटरीचा कॅमेरा जरूर घ्यावा. इथे मात्र चारही ठिकाणांच्या आसपास वीज होती.

आधी टेप, मग कॅमेरा

काय बघायचं आहे हे "सगळं दिसलं पाहिजे" असं सांगून भागत नाही. गेटवर माणसाचा चेहरा ओळखू यायला हवा. गाड्या लावतो त्या जागेत कोण आलं, कुठे गेलं एवढं कळलं तरी चालतं. चेहरा ओळखण्यासाठी चित्रात दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस "हाच तो" एवढं म्हणता येण्यासाठी १२५, आणि कुणीतरी आहे एवढंच कळायला २५. कॅमेरा व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकातले हे आकडे आहेत, आणि खोक्यावरच्या मेगापिक्सेलपेक्षा ते जास्त उपयोगी पडतात.

हिशेब सोपा आहे. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास असणाऱ्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरची रुंदी साधारण साडेपाच मिलिमीटर असते. अंतर गुणिले साडेपाच, भागिले लेन्सचे मिलिमीटर, की त्या अंतरावर किती मीटर रुंदी चित्रात मावते ते मिळतं. पोर्चपासून गेट ६ मीटर. २.८ मिमी लेन्सने तिथे ११.८ मीटर रुंदी दिसेल. ३ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे २३०४ पिक्सेल असतात, म्हणजे दर मीटरला १९५. चेहऱ्याला कमी पडतात. ४ मिमी लेन्सने रुंदी ८.२५ मीटर आणि पिक्सेल २७९. काम होतं. गेट अवघं साडेतीन मीटरचं, त्यामुळे रुंदी कमी झाल्याने काही बिघडत नाही. दुकानात "वाइड अँगल आहे, सगळं येतं" असं कौतुकाने सांगतात तेव्हा हा भागाकार मनात असू द्यावा. पत्रकावर लेन्सऐवजी फक्त कोन दिलेला असेल तर १०० अंशांच्या वरचा कॅमेरा गेटसाठी घेऊ नये.

रात्रीचं गणित वेगळं. उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात चालणारा माणूस साडेपाच सेंटिमीटर सरकतो. २७९ पिक्सेलच्या हिशेबाने ती १५-१६ पिक्सेलची फरपट झाली, आणि सगळा चेहराच तिथे ४५ पिक्सेलचा असतो. म्हणून कॅमेरा रस्त्यावर न रोखता गेटच्या कडीवर रोखला. आतली कडी काढायला हात घालावा लागतो, माणूस तिथे दोन-तीन सेकंद थांबतो, मान थोडी खाली-वर होते. पुसट न होता चेहरा मिळण्याची ती एकच जागा. गेटच्या खांबावर अंधार पडताच आपोआप लागणारा १२ वॅटचा एलईडी दिवा बसवला. सगळ्या कामातली ही सर्वांत स्वस्त सुधारणा, आणि चित्रात सर्वांत मोठा फरक तिनेच पडला. हेल्मेट असेल किंवा पुण्यात दुचाकीवर बांधतात तसा स्कार्फ असेल तर चेहरा मिळणार नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवलं. तेव्हा कपडे, चाल आणि गाडी यांवर समाधान मानावं लागतं.

उंची अडीच ते तीन मीटर ठेवली. "वर लावला तर कुणी तोडणार नाही" म्हणून स्लॅबच्या कडेला साडेचार मीटरवर लावलेले कॅमेरे जागोजागी दिसतात. त्यांत टोप्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

चार जागा ठरल्या त्या अशा: पोर्चवरून गेट, गेटच्या खांबावरून आत गाड्या आणि घराचं दार, मागच्या भिंतीवर छज्जाखालून परस आणि स्टार्टर, आणि शेडच्या आत. शेडसाठी फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा आग्रह होता. तो घेतला नाही. फिरणारा कॅमेरा एका वेळी एकीकडेच बघतो, आणि शेवटच्या वेळी मोबाइलवरून कुणी कोपऱ्याकडे वळवून ठेवला असेल तर रात्रभर कोपराच रेकॉर्ड होतो.

सिग्नल

राऊटर पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी. फोनवर वाय-फाय मोजणारं ॲप उघडून प्रत्येक जागी, कॅमेरा जिथे बसणार त्या उंचीवर फोन धरून, मिनिटभर थांबून आकडे घेतले. पोर्चवर उणे ५२, गेटच्या खांबाशी उणे ६१, मागच्या भिंतीशी उणे ७२, शेडमध्ये दार लावून उणे ८४ डीबीएम. हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. व्हिडिओसाठी उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ७० नंतर अडखळतं, उणे ८० च्या पुढे जमत नाही. कॅमेऱ्याचा अँटेना फोनपेक्षा कमजोर असू शकतो, तेव्हा चार-पाच अंकांची सूट धरावी.

एक कमजोर कॅमेरा बाकीच्यांनाही त्रास देतो, हे फारसं कुणी सांगत नाही. वाय-फायवर एका वेळी एकच बोलतो. सिग्नल खालावला की कॅमेरा सगळ्यात संथ वेगावर, ६-७ एमबीपीएसवर, उतरतो आणि तेवढाच डेटा पाठवायला दहापट वेळ हवा अडवून बसतो. मग पोर्चवरचा चांगला कॅमेराही अडकत चालतो आणि दोष त्याच्यावर येतो.

रिपीटरचा विचार झाला आणि सोडून दिला. स्वस्त रिपीटर ऐकलेलं पुन्हा त्याच चॅनलवर बोलतो, त्यामुळे हाताशी असलेला वेग निम्मा होतो. त्याऐवजी राऊटरपासून मागच्या छज्जापर्यंत २२ मीटर कॅट-६ केबल केसिंग पट्टीतून नेली आणि तिथे एक ॲक्सेस पॉइंट (केबलवरून येणारं नेटवर्क वाय-फायने पसरवणारी डबी) व पाच पोर्टचा नेटवर्क स्विच ठेवला. केबल तिथवर गेलीच आहे म्हटल्यावर मागचा कॅमेरा वायरवरच जोडला. चारांतले तीनच वायरलेस राहिले. आमच्या मते केबल जाऊ शकते तिथे ती न घालणं हा हट्ट आहे.

शेडच्या पत्र्यातून सिग्नल जवळजवळ जातच नाही. पण उजेडासाठी छपरात फायबरचे दोन अर्धपारदर्शक पत्रे होते, आणि त्यांतून वाय-फाय सहज जातं. ॲक्सेस पॉइंटचं तोंड त्या पत्र्यांकडे केलं, आतला कॅमेरा त्यांच्याच खाली लेथपासून लांबच्या भिंतीवर घेतला. आकडा उणे ६२ आला. लेथवर कूलंट उडत असल्याने काचेवर तेलाचा थर बसतो, ती आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसावी लागते.

चॅनल "ऑटो" वर न ठेवता राऊटरला १ आणि ॲक्सेस पॉइंटला ११ असे पक्के केले, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आजूबाजूचे बहुतेक राऊटर ६ वर होते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून ३ किंवा ८ निवडून काही साधत नाही.

साठवण

सोबत ठेवायचा आकडा असा: १ एमबीपीएसने सतत रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. ३ मेगापिक्सेल, एच.२६५ (व्हिडिओ आकसून साठवण्याची पद्धत), सेकंदाला १५ फ्रेम या मापाला दीड एमबीपीएस पुरतात, म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाला १६ जीबी, चारांना ६५. १ टीबीच्या डिस्कवर १५ दिवस बसतात. घर तीन दिवस बंद असतं, चोरी लक्षात यायला आणखी चार-पाच दिवस जाऊ शकतात, तेव्हा पंधरवडा पुरेसा.

फक्त मेमरी कार्डावर भिस्त ठेवली नाही, कारण कॅमेरा उचकटून नेला की कार्डही त्याच्याबरोबर जातं. रेकॉर्डर माळ्यावर, जुन्या ट्रंकेमागे, हवा खेळेल असा ठेवला. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेली घेतली. कार्डंही प्रत्येकी ६४ जीबीची घातली, वाय-फाय तुटलं तर तेवढ्या वेळाची नोंद राहावी म्हणून. कार्ड जास्त टिकाऊपणाचं, म्हणजे सतत लिहिण्यासाठी बनवलेलं हवं. आणि बसवण्याआधी ते संगणकात पूर्ण भरून, परत वाचून तपासावं. नकली कार्ड क्षमता ६४ दाखवतं, आणि खरी जागा संपल्यावर लिहिलेलं गुपचूप गमावतं.

खरेदी

तीन ठिकाणचे भाव घेतले: बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या विक्रेत्याचा, ऑनलाइन, आणि बसवणाऱ्याचा एकत्रित. फरक कॅमेऱ्यांच्या किमतीत फारसा नव्हता. फरक होता तो काय लिहून देतात यात. "३ एमपी वायफाय आउटडोअर, ४ नग" एवढ्याच कोटेशनला काही अर्थ नाही. पूर्ण मॉडेल क्रमांक, लेन्स, वॉरंटी कुणाची आणि किती, आणि बिलावर प्रत्येक नगाचा सीरियल क्रमांक, हे मागितलं. जीएसटी १८ टक्के. "बिलाशिवाय घ्या, तेवढे वाचतील" म्हणणाऱ्याकडून घेतलं तर वॉरंटीच्या वेळी हातात काही राहत नाही.

९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ठरवलेल्या सुरक्षा निकषांवर चाचणी सक्तीची झाली आहे. ग्राहकाला करता येण्यासारखी तपासणी म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) चिन्हाखालचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघणं. कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार जुळला पाहिजे. नावगाव नसलेल्या खोक्यात, बल्बच्या होल्डरमध्ये बसणारे स्वस्त कॅमेरे इथेच बाजूला पडतात. ते तसेही निरुपयोगी: कुणी सवयीने बटण बंद केलं की कॅमेराही बंद.

याशिवाय चार अटी होत्या. ऑनव्हिफ असावं, म्हणजे कॅमेरा वेगळ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो. वाय-फायबरोबर लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल जोडायची जागा, असावा. बाहेरच्या तिघांना आयपी६६, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, असावा. आणि सर्व्हिस सेंटर पुण्यात असावं. या चाळणीतून दोनच मॉडेलं उरली.

चारही एकदम घेतले नाहीत. एक आणला, गेटसमोर तात्पुरता बांधून तीन रात्री चालवला, मुलाने बंगळुरूहून पाहिला, आणि मग उरलेले तीन त्याच विक्रेत्याकडून घेतले. हे आधी बोलून ठेवलं तर विक्रेते सहसा नाही म्हणत नाहीत. एकूण खर्चात कॅमेऱ्यांचा वाटा निम्म्याहून कमी होता. बाकीचे पैसे रेकॉर्डर, डिस्क, ॲक्सेस पॉइंट, केबल आणि जंक्शन बॉक्सवर गेले. पहिल्या कोटेशनमध्ये यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

बसवताना काय अडलं

पहिली अडचण जोडणीची. कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि राऊटर दोन्ही बँड एकाच नावाने देत होता. फोन ५ वर, कॅमेरा २.४ शोधतोय, आणि ॲप "पासवर्ड चुकला" सांगत राहतं. २.४ ला वेगळं नाव दिल्यावर दोन मिनिटांत जुळलं. आधी हे कॅमेरे राऊटरच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर टाकले होते. तिथे एका उपकरणाला दुसरं दिसू न देण्याची सोय असते, म्हणून रेकॉर्डरला कॅमेरे सापडेनात. शेवटी कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच स्वतंत्र नावाखाली घेतले.

दुसरी अडचण खांबावरच्या कॅमेऱ्याची. दिवसभर उत्तम, अंधार पडला की दर मिनिटाला बंद-चालू. सगळ्यांचा संशय वाय-फायवर. खरं कारण वीज. ॲडॉप्टर पोर्चमध्ये, तिथून खांबापर्यंत १४ मीटर वायर, आणि ती वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, बारीक. कॅमेऱ्याच्या टोकाशी मल्टीमीटर लावला तर १२ ऐवजी १०.८ व्होल्ट. मग कॅमेऱ्याच्या उजेड-सेन्सरवर तळहात ठेवला. आत टक् असा बारीक आवाज झाला, इन्फ्रारेड दिवे लागले, आणि आकडा ८.६ वर आला. दिवसा ०.३ अँपिअर ओढणारा कॅमेरा रात्री ०.९ ओढतो, तिप्पट करंट म्हणजे वायरमध्ये तिप्पट व्होल्ट गळतात. १ चौरस मिमीची अस्सल तांब्याची दोन-कोअर वायर टाकली, रात्री ११.५ मिळू लागले. रात्री बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याची ही तळहाताची चाचणी दिवसाच करता येते. ती केल्याशिवाय कॅमेरा बदलायला देऊ नये.

तिसरी, गुरुवार. महावितरणच्या दुरुस्तीसाठी वीज गेली, परत आली, आणि रेकॉर्डरवर दोन चौकटी काळ्या. राऊटरने कॅमेऱ्यांना नवे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांक, दिले होते आणि रेकॉर्डर जुन्या पत्त्यावर शोधत होता. राऊटरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला पत्ता राखून ठेवला. घरात इन्व्हर्टर होताच. राऊटर, रेकॉर्डर, ॲक्सेस पॉइंट आणि तीन बाहेरचे कॅमेरे त्याच्या लाइनवर घेतले. फायबर इंटरनेटच्या डबीची पिनही तिथेच हवी. ती राहिली तर रेकॉर्डिंग चालतं, पण बंगळुरूला काहीच दिसत नाही.

मागच्या कॅमेऱ्यात रात्री पांढुरकं धुकं दिसत होतं. इन्फ्रारेड छज्जाच्या खालच्या अंगावर आपटून परत येत होतं. कॅमेरा दहा सेंटिमीटर खाली आणि पुढे घेतल्यावर गेलं. कोळ्याचं जाळंही असंच दिसतं. दिव्यांभोवती किडे जमतात, तिथे कोळी येतो. महिन्यातून एकदा झाडूचा हात फिरवावा.

हालचालीच्या सूचना पहिल्या रात्री इतक्या आल्या की मुलाने फोन बंद करून ठेवला. शेवग्याच्या फांदीची सावली आणि पाखरं. फक्त माणूस ओळखण्याचं बटण चालू केलं, क्षेत्र गेटपासून आतपुरतं आखलं, रस्ता वगळला. शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येत होती तिथे काळा पट्टा टाकला, आणि तो शेजारच्या काकूंना बोलावून मोबाइलवर दाखवला. हे केलंच पाहिजे. आपल्या सुरक्षेसाठी दुसऱ्याच्या घरात डोकावायचा आपल्याला हक्क नाही.

पावसासाठी: प्रत्येक कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स, वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत, आणि आत शिरण्याआधी वायरला खाली झुकलेलं यू-वळण, म्हणजे पाणी वळणाशी गळून पडतं. आयपी६६ कॅमेऱ्याच्या डब्याला असतं. मागे लोंबणाऱ्या लॅन आणि विजेच्या जोडाला नसतं. पावसाळ्यात बहुतेक कॅमेरे या जोडाशीच मरतात.

खातं मालकांच्याच ईमेलवर उघडलं, बसवणाऱ्याच्या नव्हे, आणि मुलाला तिथून बघण्याची परवानगी दिली. पासवर्ड बदलले, दुहेरी पडताळणी चालू केली, राऊटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना इंटरनेटकडून आत येण्याची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद, हातानेही तशी वाट, म्हणजे पोर्ट, उघडणं नाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. त्यातले बहुतेक असेच कुणाच्या तरी घरा-दुकानातले होते.

घड्याळ तपासताना एक कॅमेरा अडीच तास पुढे निघाला. वेळक्षेत्र जीएमटी +८ वर राहिलं होतं. +५:३० केलं आणि रेकॉर्डरवरून वेळ जुळवून घेण्याची सोय चालू केली. पोलिसांकडे चित्रण द्यायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) नोंदवायचं असतं. म्हणून रेकॉर्डरवरून पेन ड्राइव्हवर मूळ फाइल कशी काढायची ते काकांकडून दोनदा करून घेतलं. मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून पाठवू नये, हेही.

एक गोष्ट जमलेली नाही. रात्री गेटसमोर थांबलेल्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत नाही. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांवरच्या उच्च सुरक्षा पाट्या उजेड जोरात परतवतात, इन्फ्रारेडमध्ये पाटी नुसती पांढरी दिसते. त्यासाठी शटर हाताने सेकंदाच्या पाचशेव्या भागावर किंवा त्याहून जलद बसवता येईल असा वेगळा कॅमेरा, पाटीच्या जवळ आणि जवळजवळ समोर, लागतो. घरगुती वाय-फाय मॉडेलांत शटर सहसा हातात नसतं. खर्चाची मर्यादा संपली होती, म्हणून ते पुढच्या वर्षावर ठेवलं आहे. रेकॉर्डर मात्र त्या हिशेबाने आठ चॅनलचा घेतला, आणि गेटच्या खांबाकडे गेलेल्या पाइपात एक जास्तीची दोरी ओढून ठेवली आहे.